मेंदूच्या खोलीतला पंखा

१

मी विज्ञान केंद्रात गाईड आहे. गाईड म्हणजे काय, तर रोज त्याच त्या प्रश्नांना हसऱ्या चेहऱ्यानं उत्तरं द्यायची. हसरा चेहरा मला कधी जमलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझ्याकडे आमच्या केंद्रातली सगळ्यांची लाडकी खोली आहे, मेंदूची खोली. माणूस आत शिरेल एवढा मोठा फायबरचा मेंदू. बाहेरून फिकट गुलाबी, वळ्यावळ्यांचा. वाकून आत गेलं की गोल भिंती, एक बाक आणि समोर सहा बटणं. प्रत्येक बटणाखाली एक प्रश्न. आपण मेंदूचा दहा टक्केच भाग वापरतो का? मेंदू झोपतो का? मेंदूला दुखतं का? स्वतःच स्वतःला गुदगुल्या का करता येत नाहीत? आठवणी कुठे राहतात? म्हातारपणी मेंदू नवं शिकतो का? बटण दाबलं की वरच्या जाळीतून एक बाई उत्तर देते. ठणठणीत आवाज, जरासा खट्याळ.

तो आवाज माझ्या बायकोचा आहे.

खोली नवी होती तेव्हा आमचा वायरमन म्हणाला होता, “साहेब, बाहेरून कशाला कुणाला बोलवायचं? वहिनी आहेत ना! एवढ्या बालवाडीला गप्प बसवतात.” मग केंद्राच्या सामानाच्या खोलीत, एका जुन्या टेबल फॅनसमोर बसून तिनं सगळं बोलून टाकलं. दोन वाक्यं झाली न झाली तोच थांबून म्हणाली, “अहो, तो पंखा बंद करा ना. काही ऐकू येत नाही.” मी पंखा बंद केला. ती म्हणाली, “हं, आता विचारा.” वायरमननं नंतर एवढा तुकडा कापून टाकला आणि बाकीचं यंत्रात भरलं.

गेल्या वर्षी तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. हातपाय वाचले, बोलणं गेलं. समजतं सगळं. डोळे पूर्वीसारखेच चालतात, माझ्या शर्टावरचा डाग तिला दारातूनच दिसतो. पण तोंडातून फक्त “ते… ते…” एवढंच निघतं. जिच्या तोंडाचा पट्टा थांबवायला मी हात जोडायचो, तिला आता पाणी मागता येत नाही. आणि मी मात्र सगळ्या जगाला मेंदू समजावून सांगतोय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

म्हणून संध्याकाळी, गर्दी पांगली की मी त्या मेंदूत जाऊन बाकावर बसतो आणि एखादं बटण दाबतो. यात वेडेपणा काही नाही. लोक जुने फोटो बघतात, मी बटण दाबतो.

त्या दिवशी दुसरं दाबलं. मेंदू झोपतो का? त्याचं उत्तर मला पाठ आहे: “नाही हं. झोप तुम्हाला लागते, मेंदूला नाही. तो रात्रभर दिवसाचा पसारा आवरत बसतो.”

जाळीतून आलं, “नाही हं. … तुम्हाला लागते, मेंदूला नाही.”

मी परत दाबलं. परत तेच. ‘झोप’ हा शब्दच नव्हता. आवाज खरखरला नव्हता, फाटला नव्हता. शब्दाच्या जागी शब्दाएवढी जागा रिकामी होती, बस्स. आणि कान जाळीला लावला तेव्हा त्या रिकाम्या जागेत काहीतरी अगदी हळू फिरत होतं. फर्र, फर्र.

यंत्र जुनं झालंय, मी स्वतःला म्हटलं, आणि दिवे घालवून घरी निघालो.

२

लेकीनं दार उघडलं तेच रडत.

“बाबा, आई बोलली!”

“काय?”

“मी चादर घालत होते. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, झोप. नीट, स्पष्ट. झोप!”

मी आत धावलो. बायको पलंगावर बसून माझ्याकडे बघत होती, चेहऱ्यावर असा भाव की बघा, जमलं की नाही. “झोप,” ती म्हणाली. आवाज बसका होता, पण होता तिचाच. मी तिचे दोन्ही हात धरून लहान मुलासारखा रडलो. सगळ्या वर्षात एकदाही रडलो नव्हतो, ते सगळं तिथे निघालं.

जाळीतून गेलेला शब्द हाच, हे लक्षात आलं ते नंतर, हात धुताना. नळ चालू ठेवून मी तसाच उभा राहिलो.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, मी म्हटलं. शिकल्यासवरल्या माणसानं असलं काही मनात आणू नये. उद्या केंद्रात तोच शब्द नीट ऐकू येईल आणि मला माझंच हसू येईल.

दुसऱ्या दिवशी ‘झोप’ नव्हताच, वर ‘पसारा’ही गेला होता. संध्याकाळी घरी आलो तर बायको माझ्या कपाटाकडे बोट दाखवून ठसक्यात म्हणाली, “पसारा!”

ते खरंच होतं.

३

मग रोजच सुरू झालं. सकाळी दारं उघडायच्या आधी मी सहाही बटणं दाबून ऐकायचो. कुठे खड्डा पडलाय ते बघायचो आणि संध्याकाळी तोच शब्द तिच्या तोंडून ऐकायचो. एकदाही चुकलं नाही.

तिच्या बोलण्यात आता सगळा मेंदूच होता. दुसरे शब्द आणणार कुठून? भाजीत फ्लॉवर दिसला की “मेंदू.” कमी साखरेचा चहा हवा असला की “दहा टक्के.” शेजारीण तासभर डोकं खाऊन गेली, तेव्हा दार लावून बायको कपाळाला हात लावत म्हणाली, “दुखतं!” आम्ही बापलेक हसून हसून बेजार झालो. ती पण हसली. हसणं तिचं कधी गेलंच नव्हतं.

बोलणं शिकवायला तिला एका बाईंकडे नेत होतो. त्या खूश होत्या. “असं होतं,” त्या म्हणाल्या. “मेंदूचा एक रस्ता बंद पडला की तो दुसरा शोधतो. कधी वर्षानं शोधतो. शब्द कुठे गेलेले नसतात.”

मीही लोकांना हेच सांगतो. त्याच आठवड्यात एक आजोबा मेंदूच्या खोलीतून बाहेर आले आणि काठीवर रेलून उभे राहिले. “हल्ली मला शब्द सापडत नाहीत हो,” ते म्हणाले. “हरवलेला शब्द जातो कुठे?”

“जात नाही. तिथेच असतो. वाट तेवढी मिळत नाही.”

“तिथे म्हणजे कुठे?”

एरवी मी सटासट उत्तर दिलं असतं. त्या दिवशी माझी नजर आपोआप मेंदूच्या आतल्या जाळीकडे गेली. “पुढे चला आजोबा, मागे रांग आहे,” मी खेकसलो. ते बिचारे पुढे गेले.

मला दोन गोष्टींची भीती होती. एक सरळ होती. तिचा तो जुना, ठणठणीत आवाज संपत चालला होता. घरी मोबाईलमध्ये व्हिडिओ आहेत, पण सगळ्यांत ती कॅमेऱ्यावर हात आडवा धरून हसतेय. बोलणारी ती फक्त या जाळीत होती, आणि रोज थोडी थोडी कमी होत होती. खड्डे जोडले जात होते. दुखण्याचं उत्तर तर नुसतं “आणि… पण… म्हणून” एवढंच उरलं होतं, आणि मधल्या जागेत ते फर्र, फर्र, आता कान न लावताही ऐकू यायचं. त्या खोलीत पंखा नाही. कधीच नव्हता. हवेसाठी छताला नुसत्या खाचा आहेत.

दुसरी भीती बोलून दाखवायला लाज वाटते. ती मला हाक मारत नव्हती. लग्नापासून ती मला ‘अहो’ म्हणत आली. त्या एका शब्दाचे तिनं शंभर सूर केले होते, रागाचा वेगळा, लाडाचा वेगळा, दुकानात भाव पटला नाही की वेगळा. पण कुठल्याही बटणात ‘अहो’ नव्हतं. ते कापून टाकलं होतं. यंत्रातले शब्द संपले की तिचेही संपणार, आणि मी उरलेलं आयुष्य मेंदू आणि झोप आणि दहा टक्के ऐकत काढणार.

तरी चालेल, मी म्हणायचो. तरी चालेल. पण रात्री उशीला डोकं टेकलं की कान तिच्याकडेच लागलेले असायचे.

४

एके दिवशी रजा काढून मी तिला त्या बाईंकडे घेऊन गेलो. छोटीशी खोली, खिडकीत कुंडी, टेबलावर चित्रांचे पत्ते. बाईंनी झोपलेल्या बाळाचं चित्र पुढे धरलं.

“झोप,” बायको म्हणाली. मग माझ्याकडे बघून, शब्दाला शब्द जोडत, “झोप लागते… मेंदू… शिकतो.”

“वा!” बाई म्हणाल्या. “आणखी?”

“आठवणी,” बायको म्हणाली, “आठवणी रा—”

आणि थांबली. तोंड उघडंच राहिलं. मी वाट बघितली. बाईंनी वाट बघितली. तिच्या डोळ्यांत आधी आश्चर्य आलं, मग भीती. तिनं चित्राकडे बोट केलं. “ते,” ती म्हणाली. “ते… ते…”

“थकल्या असतील,” बाई म्हणाल्या, पण चेहरा त्यांचाही उतरला होता.

घरी येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही. तिची बोटं इतकी घट्ट रुतली होती की वळ उठले.

दुसऱ्या दिवशी केंद्रात पाय ठेवतो न ठेवतो तोच वायरमन समोर आला, हात पुसत, स्वारी खुशीत. “साहेब, काल तुम्ही नव्हता, तेवढ्यात काम उरकून घेतलं. लोक तक्रार करत होते ना, मेंदू बोबडा बोलतो म्हणून! मूळ सीडी सापडली सामानात. सगळं नव्यानं भरलं. ऐका तर खरं.”

त्यानं बटण दाबलं.

“नाही हं. झोप तुम्हाला लागते, मेंदूला नाही. तो रात्रभर दिवसाचा पसारा आवरत बसतो.”

एक शब्द कमी नाही. ताजा, ठणठणीत, खट्याळ. एरवी तो आवाज ऐकून माझा जीव भांड्यात पडायचा. त्या क्षणी मला तो नकोसा झाला. माझ्या बायकोच्या तोंडातून ओढून काढलेला शब्द मी ऐकत होतो, आणि तो इतका छान वाटत होता.

“काय झालं साहेब? बसा, बसा!” वायरमननं मला बाकावर बसवलं.

५

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं हसायला तोंड उघडलं, मग माझ्याकडे बघून मिटलं.

“पुसून टाकू का मशीन?” तो हळूच म्हणाला.

“आणि पुसलं ते तिच्याकडे गेलंच नाही तर? नुसतंच गेलं तर?”

तो किल्ल्यांचा जुडगा बोटावर फिरवत राहिला. “एक करा,” शेवटी तो म्हणाला. “उद्या केंद्र बंद आहे. मी किल्ली देतो. वहिनींना घेऊन या, आणि ज्याचं आहे त्याला ठरवू द्या. पण ही सीडी इथे राहिली तर कधी ना कधी कुणीतरी पुन्हा भरणारच. मी नाही तर दुसरा.” त्यानं ती सीडी माझ्या हातात ठेवली.

घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती ठेवून आम्ही तिघं बसलो. लेक बघत राहिली.

“बाबा, आईचा आवाज आपल्याकडे एवढाच आहे.”

“माहीत आहे मला.”

“आणि तुम्ही म्हणताय तसं नसेल तर? डॉक्टर म्हणतात हे वरखाली होतं. आपोआप परत येईल कदाचित. आणि ही तोडली तर… मग काहीच नाही.”

तिचं चुकत नव्हतं. मी दुसऱ्या कुणाच्या घरी हे ऐकलं असतं तर म्हटलं असतं, या माणसाला आधी डॉक्टरकडे न्या. मी बायकोकडे वळलो. लाजत, अडखळत तिला सगळं सांगितलं. जाळी, खड्डे, फर्र फर्र. ती ऐकत होती. मधेच तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. लेकीला रडता रडता हसू फुटलं.

मग बायकोनं सीडी उचलली. उलटसुलट केली, तिच्यात स्वतःचा चेहरा बघितला, केसांची बट मागे सारली. आणि दोन्ही हातांनी वाकवून तिचे काडकन दोन तुकडे केले. कुणाला विचारलं नाही, की काही नाही. ही आमची बाई अशीच.

६

दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन. बंद केंद्रात आमच्या पावलांचा आवाज घुमत होता. लेक दाराशी थांबली. आजारपणानंतर बायको पहिल्यांदाच इथे आली होती. मेंदूसमोर ती जरा थांबली, वळ्यांवरून हात फिरवला, आणि वाकून आत गेली. मी मागोमाग. ती बाकावर बसली, मी बटणांशेजारी उभा राहिलो. भिंतीवर खाली यंत्राचा मुख्य खटका होता, तो चालू केला.

तिनं पहिलं बटण दाबलं.

“छे! दहा टक्के कसले?” जाळी म्हणाली. “मेंदू सगळाच्या सगळा कामाला लागलेला असतो.”

बायको मान वर करून ऐकत होती. तिनं तेच बटण पुन्हा दाबलं, आणि या वेळी आवाजाबरोबर तिचे ओठ हलले. आवाज न काढता, नुसते हलले.

“छे! … … कसले? … सगळाच्या सगळा … लागलेला असतो.”

ओठ हलतील तिथे जाळी गप्प होत होती. मी डोळे चोळले. ती पुन्हा दाबत होती, पुन्हा ओठ हलत होते, आणि वरचा आवाज विरत चालला होता. दुसरं बटण, तिसरं, चौथं. गुदगुल्यांचं उत्तर आलं, “कारण तुमचा हात कुठे येणार हे मेंदूला आधीच ठाऊक असतं,” आणि दुसऱ्यांदा त्यातलं काहीच आलं नाही. पाचवं. सहावं. तिचा चेहरा घामानं डबडबला होता. मी “पुरे” म्हणायला गेलो, तिनं हातानंच मला गप्प केलं.

शेवटी तिनं एकेक करून सगळी बटणं दाबली. जाळीतून एक अक्षर आलं नाही.

“बोल,” मी म्हणालो. “काहीतरी बोल ना.”

तिनं तोंड उघडलं. बंद केलं. पुन्हा उघडलं. काही नाही. ‘ते’ पण नाही.

गेलं, मला वाटलं. दोन्हीकडचं गेलं. मीच तिला इथे आणलं, माझ्याच हातानं खटका चालू केला. दाराकडून लेकीचा आवाज आला, “बाबा? झालं का?” मी भिंतीचा आधार घेतला.

तेव्हा ते सुरू झालं. फर्र, फर्र. आधी हळू, मग मोठं. बटण कुणी दाबलेलं नव्हतं. जुन्या टेबल फॅनचा आवाज, एक पातं जाळीला किंचित घासतं तसा. मान हलवत तो इकडून तिकडे जात होता, आणि त्या कोंदट खोलीत माझ्या मानेवर वारा आला, गेला, पुन्हा आला. बायकोची बट उडाली. तिनं ती मागे सारली. माझ्या मागे, माझ्या खांद्याच्या वरच्या बाजूला कुठेतरी ती बघत होती. कपाळाला आठी घालून, वैतागून, ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी.

मी मागे वळलो नाही. वळायला हवं होतं की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

“अहो,” ती म्हणाली, “तो पंखा बंद करा ना. काही ऐकू येत नाही.”

मी हात लांब करून मुख्य खटका बंद केला. लाल दिवा त्याच क्षणी विझला. पण आवाज एकदम थांबला नाही. पंखा थांबतो तसा थांबला. पाती हळू होत गेली, एकेक फेरा मोजता येईल इतकी हळू, आणि मग शेवटचा एक झोत आला आणि खोलीतली हवा स्थिर झाली.

“हं,” माझी बायको म्हणाली. “आता विचारा.”

लेक वाकून आत आली होती, दोन्ही हात तोंडावर. बायको बाकावर सावरून बसली होती, बालवाडीत बसायची तशी, मी काहीतरी विचारायची वाट बघत. उभं आयुष्य लोकांच्या प्रश्नांना तोंड देण्यात गेलं माझं. आता माझी पाळी आली तर एक धड प्रश्न सुचेना.

“चहा घेशील?” मी विचारलं.

ती हसली. आणि जे बोलली ते कुठल्याच बटणात नव्हतं, सीडीत नव्हतं, कापून टाकलेल्या तुकड्यातही नव्हतं.

“घेईन की,” ती म्हणाली. “पण तुमच्या हातचा नको.”